अनात्म आणि अस्मिता : आत्मकथनं वाचणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडचे वाचनगट, विहारांतले अभ्यासवर्ग आणि एम.ए. मराठीचे विद्यार्थी दलित आत्मकथनं वाचायला घेतात, तेव्हा दोन-तीन बैठकांनंतर एक अडचण हमखास येते. बुद्धाने आत्मा नाकारला (हाच ‘अनात्म’ विचार), आणि या पुस्तकांत तर माणूस ‘मी कोण’ हेच शोधतो आहे. मग दोन्हींचा मेळ कसा घालायचा? त्याभोवती पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

‘अनात्म’ म्हणजे ‘मी नाहीच’ असं ना?

नाही. सारनाथला पाच भिक्खूंना दिलेलं दुसरं प्रवचन, अनत्तलक्खण सुत्त, उघडून बघा. ‘मी आहे की नाही’ हा प्रश्नच तिथे घेतलेला नाही. बुद्ध पाच गोष्टी, म्हणजे पाच स्कंध, समोर ठेवतात: रूप (शरीर), वेदना (सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेलं जाणवणं), संज्ञा (ओळखून नाव देणं), संस्कार (मनाची घडण, लागलेलं वळण) आणि विज्ञान (जाणीव). प्रत्येकीबद्दल विचारतात, हे तुमच्या हुकमात आहे का? शरीर खरोखर तुमचं असतं तर ‘असं हो, तसं होऊ नको’ म्हटल्यावर त्याने ऐकलं असतं. ते नित्य आहे का? तेही नाही. मग ‘हे माझं, हा मी, हा माझा आत्मा’ असं त्याला म्हणावं का?

म्हणजे नाकारला आहे तो कायम टिकणारा, आपल्या मालकीचा गाभा. तुमचं नाव, गाव, आई, सातबाऱ्यावरची नोंद यांतलं काहीही बुद्धाने खोडलेलं नाही. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने (भटक्या संन्याशाने) सरळच विचारलं, ‘आत्मा आहे का?’ बुद्ध गप्प राहिले. ‘नाही का?’ तरी गप्प. तो गेल्यावर आनंदाला कारण सांगितलं: ‘नाही’ म्हटलं असतं तर आधीच गोंधळलेल्या त्या माणसाला वाटलं असतं, माझ्याजवळ आत्मा होता आणि आता तो गेला.

रथाचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातून शेवटी काय घ्यायचं?

मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांचा, रथ म्हणजे नेमकं काय यावरचा हा संवाद आपल्याकडे बैलगाडीवर घेतला की चटकन कळतो. चाक म्हणजे गाडी का? आस? जू? साटा? लोखंडी धाव? नाही. सगळे भाग अंगणात ढीग करून टाकले, तर ती गाडी होईल का? तीही नाही. बहुतेक जण इथे थांबतात आणि ‘म्हणजे गाडी नाहीच’ असं लिहून मोकळे होतात. संवाद पुढे आहे. नागसेन सांगतात की चाक, आस, जू यांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव, ही व्यवहारातली संज्ञा चालते. ‘नागसेन’ हे नावही तसंच चालतं. गाडी ऊस वाहते, रुतते, उलटते. गाडीच्या आत दडलेला वेगळा ‘गाडीपणा’ मात्र सापडत नाही. जातीवरच्या साहित्यासाठी हे उत्तरार्धातलं वाक्यच कामाचं आहे. ते गाळलं तर शोषण सोसलेल्या माणसालाच ‘तू नाहीस’ असं सांगितल्यासारखं होतं.

पाच स्कंध एखाद्या उताऱ्याला प्रत्यक्ष लावायचे कसे?

३०० ते ४०० शब्दांचा एकच प्रसंग घ्या. अख्खं प्रकरण घेऊ नका, हाती फक्त सारांश उरतो. कागद आडवा धरून पाच रकाने आखा. पहिल्या वाचनात फक्त रूप भरा: अंग, कपडे, जागा, वस्तू. दुसऱ्यात वेदना: तहान, चटका, ऊब. तिसऱ्यात संज्ञा: कोणी कोणाला काय म्हटलं, काय समजलं. संस्काराचा रकाना शेवटी भरायचा, कारण तो वाक्यात लिहिलेला नसतो. एखादं पात्र विचार न करता जे करतं (मागे सरतं, नजर खाली घालतं, भांडं वरून ओततं) ते तिथे येतं. विज्ञानाला एखादी ओळ पुरते. जाणकार गटाला याला ४० मिनिटं लागतात, नवख्या गटाला तास धरा.

नेहमीची चूक म्हणजे रकाने फक्त निवेदकाचे भरले जातात. समोरच्याचेही भरा.

याला सर्वांत चांगला उतारा साताऱ्याचाच आहे. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींच्या एका छोट्या इंग्रजी टिपणात १९०१ मधला प्रवास सांगितला आहे. हे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालं नाही. नऊ वर्षांचा भीम, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून रेल्वेने निघून मसूर स्टेशनवर उतरतात. वडील खटाव तालुक्यात नोकरीला. न्यायला कोणी आलेलं नाही. मुलांच्या अंगात नवे विलायती कापडाचे सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, रेशीमकाठी धोतरं. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, कारण ही मुलं ब्राह्मणाची असावीत असं त्याला वाटतं. मुलगा क्षणाचाही विचार न करता सांगतो, आम्ही महार. मास्तरचा चेहरा पालटतो आणि तो आपल्या खोलीत निघून जातो.

आता दोघांचे रकाने शेजारी ठेवा. मुलांचं रूप त्या मिनिटात तसूभरही बदललेलं नाही. टोपी तीच, धोतर तेच. बदलली ती मास्तरच्या डोक्यातली संज्ञा. तिच्यामागे त्याचा जुना संस्कार धावून आला, आणि त्याची वेदना (किळस) त्याला इतकी खरी वाटली की तो उठून गेला. महारपण मुलांच्या अंगात कुठेच नव्हतं, ते दोन माणसांच्या मधल्या त्या शब्दात होतं. पण म्हणून ते खोटं ठरत नाही. पुढे गाडीवाला मुलांबरोबर गाडीत बसून ती हाकायला तयार होत नाही, दुप्पट भाडं देऊन मुलांना स्वतः गाडी हाकावी लागते, आणि रात्री टोलनाक्यावर पाणी मिळत नाही. गाभा नसलेली गोष्टही माणसाला तहानेलं ठेवते. हे एकाच वेळी मनात धरता आलं की अनात्म वाचता येऊ लागलं म्हणायचं.

म्हणजे ओळख प्रवाही असते, हवी तशी बदलता येते, असंच ना?

प्रबंधांत ही उडी फार दिसते. त्याच प्रवासात टोलनाक्यावर मुलगा आपण मुसलमान असल्याचं सांगतो, तेही उर्दूत बोलून. तरी पाणी मिळत नाही. नाव बदललं, कारणं तशीच राहिली. बौद्ध विचारात ‘स्व’ बदलता असतो तो कारण-प्रत्ययांनी (पटिच्चसमुप्पाद), आपल्या लहरीने नाही. ‘हे असेल तर ते होतं’ या साखळीतलं कोणतं कारण तुटलं आणि कोणतं शाबूत राहिलं, हे दाखवता आलं नाही तर ‘प्रवाही’ हा शब्द लिहू नका.

‘अस्मिता’ आणि ‘अनात्म’ एकमेकांच्या विरोधात नाहीत का?

शब्दाच्या मुळाशी गेलं तर ताण खरा आहे. अस्मि म्हणजे ‘मी आहे’. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता पाच क्लेशांपैकी (मनाला ग्रासणाऱ्या दोषांपैकी) एक आहे. पालीत ‘अस्मिमान’ (‘मी आहे’ हा गर्व) हा सगळ्यांत शेवटी सुटणाऱ्या बंधनांपैकी एक. आणि आधुनिक मराठीत तोच शब्द अभिमानाने छातीवर लावायचा झाला. दलित साहित्याच्या घडणीत ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिकाचं नाव म्हणून उभं राहिलं. ज्यांना ‘मी आहे’ म्हणायची मुभाच नव्हती, त्यांनी तो शब्द उचलणं हा क्लेश नव्हे, हे आधी स्पष्ट असू द्या.

संयुत्त निकाय या पाली सुत्तसंग्रहातलं खेमक सुत्त इथे नेमकं लागू पडतं. आजारी असलेले खेमक भिक्खू सांगतात, या पाचांतलं काहीही मी आत्मा मानत नाही, तरी ‘मी आहे’ हे माझ्यातून गेलेलं नाही. ते दोन दाखले देतात. कमळाचा वास पाकळीचा, रंगाचा की परागाचा? फुलाचा. दुसरा दाखला कपड्याचा. मळलेला कपडा परटाकडे दिला. त्याने खारी माती, खार आणि शेण लावून तो चोळला, स्वच्छ पाण्यात खळबळून काढला. मळ गेला. पण वास राहिला.

वास कशाचा राहिला, हे नीट वाचा. बहुतेक जण ‘मळाचा’ म्हणून पुढे जातात. सुत्तात राहिलेला वास मळाचा नाही. खाऱ्या मातीचा, खाराचा, शेणाचा आहे. ज्याने मळ काढला त्याचाच. मग मालक तो कपडा सुगंधी पेटीत ठेवतात आणि तो वासही हळूहळू जातो.

धर्मांतरानंतरची आत्मकथनं वाचताना हा दाखला जवळ ठेवा. जातीचा मळ काढायला नवी ओळख लागली. तिच्याशिवाय तो निघाला नसता. त्या ओळखीचा वास काही काळ राहणारच. तो दोष नव्हे, धुतल्याची खूण आहे. आणि पेटीत कपडा ठेवायची वेळ कपड्याचा मालक ठरवतो, ज्याने चिखल उडवला तो नाही.

‘जात आठवत बसणं म्हणजेच मीपणाला चिकटणं; बुद्ध तर सोडून द्या म्हणाले’ असं कोणी चर्चेत म्हटलं तर?

त्याला विनयपिटकातली (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली) दीक्षेची हकिकत सांगा. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला, म्हणजे भिक्खू व्हायला आले, बरोबर त्यांचा न्हावी उपाली. राजपुत्रांनीच बुद्धाला विनंती केली, आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्य असल्याचा गर्व उतरेल. मान आधी सोडायचा तो वरच्याने, आणि तोही कृतीने. उपालीला कोणी ‘न्हावीपण विसर’ असा उपदेश केलेला नाही. हा आक्षेप घेणाऱ्याने स्वतःच्या आडनावाबद्दल तो आधी वापरला आहे का, एवढं विचारलं तरी चर्चा ताळ्यावर येते.

संतांनीही ‘मीपण टाका’ सांगितलंच आहे. मग वेगळं काय?

टाकल्यावर काय उरतं, इथे फरक आहे. सज्जनगड डोळ्यांसमोर असल्यामुळे आपल्याकडे दासबोधाचं उदाहरण सोपं पडतं. चौथ्या दशकात नवविधा भक्ती आहे आणि नववी भक्ती आत्मनिवेदन. ‘मी कोण’ शोधत गेलं की मीपण गळतं आणि आत्मा उरतो. बौद्ध मांडणीत सोलत गेल्यावर आत मालक सापडत नाही, आणि तो न सापडणं हीच मोकळीक आहे. दोन्हींना ‘अहंकार-त्याग’ असा एकच शिक्का मारू नका. परीक्षेच्या उत्तरांत हा शिक्का सर्रास असतो.

आत्मा नाही तर कर्म कोणाचं, पुनर्जन्म कोणाचा?

१९५७ मध्ये, निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतः हा पेच मांडला आहे. त्यांचं उत्तर असं: एका जीवाचा आत्मा दुसऱ्या देहात जात नाही, पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्यं विखुरतात आणि पुन्हा जुळतात. ‘मागच्या जन्मीचं पाप म्हणून या जन्मी ही जात’ हा हिशेब त्याने मुळातच बाद होतो. थेरवादी (जुन्या पाली ग्रंथांना धरून चालणाऱ्या) परंपरेची मांडणी वेगळी आहे, तिथे दिव्यावर दिवा लावावा तशी सातत्याची उपमा देतात. तुमचा लेखक कोणत्या मांडणीतून बोलतो हे तपासा. महाराष्ट्रात बहुधा पहिली.

साहित्यासाठी याहून मोलाची आहे ती १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली एकविसावी: आज माझा नवा जन्म होत आहे, असं मी मानतो. आत्मा न मानणारा माणूस नवा जन्म म्हणतो, तो याच देहात, याच आयुष्यात, कारणं बदलून. कितीतरी आत्मकथनांची रचना या वाक्यावर उभी आहे: आधीचं जिणं, मग दीक्षा, मग घरातले देव नदीत सोडणं. हे वळण पुस्तकात कोणत्या पानावर येतं आणि त्याआधीचं बालपण कोणत्या आवाजात सांगितलं आहे, ते बघा.

मग ‘आत्मकथा’ हा शब्दच चुकीचा?

इथे ‘आत्म’चा अर्थ ‘स्वतःची’ एवढाच आहे. व्यवहारातला शब्द आहे, चालू द्या. धम्मपदातल्या ‘अत्ता हि अत्तनो नाथो’मधला ‘अत्ता’ही तसाच: स्वतःच स्वतःचा आधार.

उताऱ्यात ‘स्व’ कुठे दिसतो? हातात धरता येईल असं काही सांगा.

सर्वनामं मोजा. मराठीला ही सोय आहे, इंग्रजी भाषांतरात ती निघून जाते. कोणतीही दहा पानं घ्या आणि मी, आम्ही, आपण यांच्या वेगवेगळ्या खुणा करा. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’मध्ये आत. लेखक गावाबद्दल बोलताना कोणत्या पानावर ‘आपण’ म्हणतो आणि कुठे एकदम ‘आम्ही’वर येतो, तिथे गावकुसाची रेघ भाषेत उमटते. ‘मी’ गाळलेली क्रियापदंही धरा (‘गेलो’, ‘बसले’), नाहीतर हिशेब चुकतो.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या १९८६ च्या पुस्तकाचं नावच ‘जिणं आमुचं’. ‘माझं’ नाही. आत गेल्यावर एका बाईच्या चरित्रापेक्षा वस्तीच्या बायांचं सामायिक जगणं समोर येतं. एकसंध, स्वयंभू ‘मी’ हा आत्मचरित्राचा नेहमीचा नायक इथे नाही. पण सावध राहा: ‘मी’च्या जागी ‘समाजाचा आत्मा’ बसवला तर गाभ्याची कल्पना मागच्या दाराने परत येते. बेबीताईंनी तो मोह टाळला आहे. वस्तीतल्याच नवऱ्यांची मारहाण, सासुरवास त्या लपवत नाहीत, म्हणून ‘आमुचं’ हे जुळलेलं आणि फटी असलेलं राहतं.

‘मला तहान लागली’, ‘मला राग आला’ या वाक्यांत कर्ता ‘मी’ नाही, वेदना येते आणि ‘मला’ लागते. हे स्कंध शिकवायला सोयीचं आहे. मात्र व्याकरणातून अनात्म सिद्ध होतं असं लिहू नका. हीच वाक्यरचना आत्मा मानणारेही वापरतात.

सगळं दलित साहित्य बौद्ध दृष्टीचं धरायचं का?

नाही. आधी तारखा लावा. वाटेगावच्या अण्णाभाऊंची ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे, तरी तिचा ‘मी’ बंडखोर वीराचा आहे. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० चं, त्यांची बौद्ध दीक्षा २००६ ची. दीक्षेचा अर्थ मागे नेऊन पुस्तकात भरू नका. आटपाडीच्या शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये नावातच ‘तराळ’ हे गावकामाचं पद आहे. काम हेच नाव, नाव हीच जात, ही गाठ तिथे उलगडता येते. तिच्याजोडीला सुत्तनिपातातलं वासेट्ठ सुत्त वाचा. गवत, किडे, पक्षी यांच्यात जातीच्या खुणा जन्मजात दिसतात, माणसांत तशा दिसत नाहीत. शेती करतो तो शेतकरी, व्यापार करतो तो व्यापारी.

जातीच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिणं अनात्मात बसतं का?

बसतं. ‘बौद्ध’ हे ‘गाडी’सारखं व्यवहाराचं नाव आहे आणि व्यवहारात त्याला वजन आहे. अनुसूचित जातींचे हक्क बौद्धांना लागू व्हायला १९९० ची दुरुस्ती लागली. नाव सोडून दिलं की हक्क सुटतो, जात सुटत नाही.

वाचायला सुरुवात कुठून करू?

धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ मराठीतच आहे, तिथून. मग वर आलेली तीन सुत्तं: अनत्तलक्खण, खेमक, वासेट्ठ. मग बाबासाहेबांचा ग्रंथ. त्यानंतर एकच आत्मकथन, सावकाश. उलट क्रमाने गेलं तर प्रत्येक दुःखाच्या प्रसंगाला ‘अनात्म’ची चिठ्ठी चिकटवायची सवय लागते.

गटाची सहल कराडला न्यायची आहे. काय दाखवावं?

जखिणवाडीजवळची आगाशिवची बौद्ध लेणी. साधे स्तूप, साध्या खोल्या. ‘मूर्ती नाही म्हणजे अनात्म’ असं मुलांना सांगू नका. त्या काळच्या बौद्ध शिल्पात बुद्धाची मूर्ती घडवायची रीतच नव्हती, एवढंच सांगा.

खाली उतरून कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर उदान या पाली ग्रंथातला समुद्राचा उतारा वाचतात. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही समुद्राला मिळाल्या की आपली नावं सोडतात आणि ‘महासमुद्र’ म्हणवतात. तसे चारही वर्णांचे लोक संघात येऊन नाव-गोत्र सोडतात आणि ‘शाक्यपुत्रीय श्रमण’ होतात. जागा सुंदर आहे, पण उपमा तिथे जुळत नाही आणि ते मुलांना दाखवायला हवं. संगमानंतर कोयनेचं नाव जातं, कृष्णेचं राहतं. ‘मुख्य प्रवाहात या’ म्हणतात तेव्हा बहुधा हेच म्हणायचं असतं. उताऱ्यातल्या पाचही नद्या नाव सोडतात, आणि मोठी म्हणून गंगेला त्यातून सूट नाही.